मधल्या जोड्या

पोकर मला ह्यांनी शिकवलं. हे म्हणजे माझा नवरा. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी मी नाव घेत नाही, आणि इथेही घेणार नाही.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात हे क्वालिटी विभागात होते. मायक्रोमीटर, गेज, नापास मालाला लावायची लाल चिठ्ठी, यातच सगळी नोकरी गेली. कारखान्याने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि हे निवृत्तीच्या आधीच घरी बसले. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी जेवायला घरी. मुलगी पुण्याला नोकरी करते. जेवण झालं की चहापर्यंतचा वेळ आम्हा दोघांना मोकळा असायचा, आणि घरात बसलेल्या पुरुषाला तो वेळ कसा खातो ते मी बघत होते.

एक दिवस त्यांनी टॅबलेटवर पोकरचं अ‍ॅप घेतलं. आधी काही दिवस रमी खेळून बघितली होती, त्यात मन रमलं नाही. पोकर मात्र त्यांनी नवीन मशीन शिकावं तसं शिकून घेतलं. सगळ्यात लहान टेबल निवडायचे. दुपारभर हरले तरी दोन मिसळींएवढे जायचे, आणि हे सहसा हरायचे नाहीत. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. "बाबा आणि जुगार? बाबा भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करत नाहीत."

टॅबलेट लोणच्याच्या बरणीला टेकवून हे डायनिंग टेबलाशी बसायचे, मी शेजारी मटार सोलत, नाहीतर तांदळातले खडे काढत. बघता बघता मलाही कळायला लागलं. प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात, मग मधे पाच पत्ते उघडे पडत जातात, आणि सगळे मिळून ज्याचा हात भारी तो जिंकतो. प्रत्येक खेळाडूच्या चित्राखाली त्याच्यापुढे किती पैसे आहेत ते दिसतं.

"आधी ते पैसे बघायचे," हे म्हणाले. "मग आपले पत्ते."

"आधी पत्ते नाही का?"

"पत्ते कुठे पळून चाललेत? समोरच्याकडे किती आहे त्यावर आपल्या पत्त्यांची किंमत ठरते."

त्यांचा सगळा अभ्यास मधल्या जोड्यांवर होता. छक्क्या, सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या. हातात दोन एक्के आले तर काय करायचं ते पोरालाही कळतं, आणि दुर्री-सत्ती आली तर टाकायचीच असते. पण दोन अठ्ठ्या आल्या की लोक चुकतात, असं ते सांगायचे. समोरच्याकडे भरपूर पैसे असतील तर थोडे घालून तिसऱ्या अठ्ठीची वाट बघायची. आठ-नऊ वेळांत एकदा ती मधल्या पत्त्यांत येते, आणि आली की मागचं सगळं भरून निघतं. पण समोरचा थोडेच पैसे घेऊन बसलेला असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, कारण तिसरी अठ्ठी आली तरी त्याच्याकडून मिळणार काय? तिथे एकतर आपणच आधी त्याच्यापुढे सगळं लोटायचं, नाहीतर शांतपणे पत्ते टाकायचे.

"आणि त्यानेच आधी सगळं लोटलं तर?"

"मग तो माणूस कोण आहे ते बघायचं."

असा एक माणूस आमच्या ओळखीचा झाला होता. म्हणजे त्याचं चित्र. तांबड्या तुऱ्याचा कोंबडा. रोज दुपारी तो टेबलावर असायचा, चालतील तेवढे कमीत कमी पैसे घेऊन यायचा, ते घालवायचा आणि पुन्हा तेवढेच आणायचा. आम्ही त्याला कोंबडेवाला म्हणायचो. ह्यांना तो पाठ झाला होता. एकामागून एक डाव लोटत सुटला की त्याच्याकडे काही नसतं, तेव्हा अठ्ठ्यांवर त्याला बोलवायचं, म्हणजे तेवढेच पैसे आपणही घालून त्याचे पत्ते उघडायला लावायचे. पण बराच वेळ गप्प बसून मग अचानक लोटलं, तर दश्श्या नाहीतर राण्या घेऊन बसलेला आहे, तेव्हा टाकायचं. शंभरदा तरी मी हे घडताना बघितलं असेल. कोंबडेवाला गप्प बसायचा, गप्प बसायचा, मग लोटायचा, आणि हे नव्व्यासुद्धा टाकून द्यायचे आणि म्हणायचे, "जा बाबा, घे."

पुढे मी माझ्या फोनवर खेळायला लागले, पण वेगळ्या टेबलावर. एका घरातल्या दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही, हा ह्यांचा दंडक होता. "आपण एकमेकांना पत्ते सांगत नसलो तरी बसायचं नाही. समोरच्याला कसं कळणार आपण सांगत नाही ते?" माझा नवरा असा माणूस होता.

मग ती दुपार आली. मी पोळ्यांची कणीक मळून हात धुवून आले तेव्हा हे खेळत होते. कोंबडेवाला बराच वेळ गप्प होता. त्याने लोटलं. ह्यांच्याकडे छक्क्या होत्या. आता टाकतील आणि चहा मागतील म्हणून मी आधण ठेवायला वळले. मागून टॅबलेटचा टिंग आवाज आला. ह्यांनी त्याला बोलवलं होतं. त्याने राण्या दाखवल्या आणि डाव नेला.

हे हसायला लागले. खूप हसले. "चोच मारली गं कोंबड्याने!"

मीही हसले. एवढे दिवस जपून खेळणाऱ्या माणसाने एखादा डाव मजेत खेळला, यात काय बिघडलं? पण दुसऱ्या दिवशी तेच झालं. त्या आठवड्यात परत परत तेच झालं, आणि प्रत्येक वेळी तेच हसणं. मला त्या हसण्याची धास्ती वाटायला लागली. त्यात गंमत वाटल्याचं काही नव्हतं. टाळी वाजली की दिवा लागावा तसं ते सुरू व्हायचं आणि तसंच बंद व्हायचं.

मी विचारलं, "अहो, तो इतका वेळ गप्प होता. मग कशाला बोलवलंत?"

"वाटलं," एवढंच म्हणाले.

टेबलावर खेळाडूंना एकमेकांना लिहिता येतं. ह्यांनी कधी कुणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं. एका दुपारी मी बघितलं तर त्यांनी कोंबडेवाल्याच्या आईवरून काहीतरी लिहिलं होतं. ते शब्द ह्यांना माहीत आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कोंबडा नुसता चित्रात उभा.

घरात बाकीही काही काही व्हायला लागलं. चिवड्याचा डबा मी भरायची आणि संध्याकाळी तो रिकामा असायचा. अंघोळीला चला म्हणून मागे लागावं लागायचं. एकेकदा बोलता बोलता ते मधेच थांबायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे. मी हाक मारली की वळून बघायचे, चेहऱ्यावर काही नाही, राग नाही, कंटाळा नाही. नोकरी गेल्याचं आता आत उतरतंय, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच सुमारास येवल्याला ह्यांच्या पुतण्याचा साखरपुडा होता. येवला म्हणजे पैठणीचं गाव, आणि घरातल्या बायका तिथे साडीबद्दल बोलतात ते जोखून मापून. मुलाकडून नवरीला पैठणी दिली. सगळ्या बायका हातात घेऊन बघत होत्या, तेवढ्यात हे पुरुषांतून उठून आले, पदर उचलून उलटा केला, मागचे धागे निरखले आणि मोठ्यांदा म्हणाले, "ही हातमागाची नाही. पॉवरलूमचा माल आहे. वहिनी, फसवलं तुम्हाला. की तुम्हीच फसवताय?"

आणि हसले.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. नवरीची आई साडीकडे बघत राहिली. दिरांनी ह्यांच्या दंडाला धरलं आणि दातओठ खात म्हणाले, "अरे, पिऊन आलायस का तू?" ह्यांनी आयुष्यात दारू घेतली नाही. ते दिरांकडे बघत होते, आपण काही वावगं बोललो याची खूण चेहऱ्यावर नव्हती. ते बोलले ते बहुतेक खरं होतं, त्यांची नजर त्यात चुकणार नाही. पण माझ्या नवऱ्याने हे मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं.

आम्ही न जेवता निघालो. वाटेत एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला सडलेल्या कांद्याचा ढीगच्या ढीग टाकून दिला होता. त्या वासाने मी पदर नाकाशी धरला. ह्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. ते त्या ढिगाला लागून गाडी चालवत होते आणि हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होते.

"अहो, काच तरी वर घ्या."

"का?"

मला वाटलं मला चिडवतायत.

मुलगी शनिवारी आली. काकूंनी तिला फोन करून सगळं सांगितलं होतं. तिने टॅबलेट उघडून बघितला, माझ्याशी स्वयंपाकघरात दार लोटून बोलली. "आई, हे व्यसन आहे. असंच होतं. माणूस बदलतो, चिडतो, नातेवाइकांत वाटेल ते बोलतो. माझ्या ऑफिसात एकाचं असंच झालं." तिने बाबांसमोर बसून अ‍ॅप काढून टाकलं. माझ्या फोनवरचंही काढलं. मग एका समुपदेशकाकडे नेलं. त्या बाईंनी तासभर बोलून सांगितलं की निवृत्तीनंतर हे फार दिसतं, पहिले काही आठवडे ते फोनसाठी तडफडतील, तुम्ही घट्ट राहा.

मी घट्ट राहायची तयारी केली. टॅबलेट कपाटात साड्यांखाली ठेवला, किल्ली स्वतःजवळ.

त्यांनी तो मागितलाच नाही. एकदाही नाही. दुपारी जेवून ते त्याच खुर्चीत बसायचे, लोणच्याच्या बरणीसमोर, आणि चहापर्यंत तसेच बसायचे. कपाटाकडे नजर नाही, चिडचिड नाही. मला तडफड चालली असती. भांडले असते, किल्ली हिसकावली असती, तर मला समजलं असतं कशाशी लढायचंय. हे नुसते बसलेले.

एका दुपारी मी बाहेरून आले तर जिन्यातच करपल्याचा वास. घरात धूर. दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, आणि हे तिथून चार हातांवर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला, ओरडले. ते म्हणाले, "काय झालं?"

"घर जळालं असतं!"

"मला काही कळलं नाही," ते म्हणाले. आणि ते खरं बोलत होते.

त्या दिवशी संध्याकाळी, का ते मला सांगता येणार नाही, मी पत्त्यांचा जोड काढला. मुलगी लहान असताना खेळायचो तो, कोपरे मऊ पडलेला. मी दोन अठ्ठ्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या, इस्पिकची आणि बदामची. राजम्याचे दाणे घेतले. त्यांच्यापुढे मोठा ढीग, माझ्यापुढे लहानसा.

"मी कोंबडेवाली," मी म्हटलं. "बराच वेळ गप्प बसलेय. आता सगळं लोटलं." आणि माझे दाणे पुढे सरकवले. "तुम्ही काय कराल?"

ते उजळले. कितीतरी दिवसांनी तो जुना, समजावून सांगणारा आवाज आला. "समोरच्याकडे थोडे पैसे आहेत. म्हणजे तिसऱ्या अठ्ठीची वाट बघण्यात अर्थ नाही. तो गप्प होता आणि आता लोटतोय, म्हणजे त्याच्याकडे मोठी जोडी असणार. अठ्ठ्या मागे पडतात. पत्ते टाकायचे."

एक शब्द चुकला नाही. मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आणि हे बोलत असतानाच त्यांचा उजवा हात पुढे आला आणि त्यांनी दाण्यांचा मोठा ढीग माझ्या ढिगाशी आणून ठेवला.

"अहो, टाकायचे म्हणालात ना?"

"हो. टाकायचे."

"मग हे काय?"

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि हसले.

मी परत विचारलं. परत तेच. नियम तोंडाने बरोबर, हात उलटा. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. मी दाणे गोळा केले, काही दाणे खाली सांडले. ते शांतपणे खाली वाकून एकेक उचलून देत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला. "हे व्यसन नाहीये गं," मी म्हटलं. "काय आहे मला माहीत नाही. पण व्यसन नाहीये."

आमचे नेहमीचे डॉक्टर नैराश्यावरच्या गोळ्या लिहून देत होते. मी त्यांना थांबवलं आणि राजम्याच्या दाण्यांचं सांगितलं. पोकर त्यांना कळत नव्हतं, पण बोलतात एक आणि हात करतो दुसरं, एवढं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी करपलेल्या दुधाचं सांगितलं. कांद्याचंही सांगितलं, कारण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डॉक्टर उठून आत गेले आणि कॉफीची बाटली घेऊन आले. ह्यांना डोळे मिटायला सांगितलं, बाटली नाकाखाली धरली.

"कशाचा वास येतोय?"

"कशाचाच नाही," हे म्हणाले. "काय आहे?"

कॉफीचा तो वास मला टेबलाच्या पलीकडे येत होता.

एमआरआयची फिल्म मेंदूच्या शल्यविशारदांनी उजेडावर लावली. कपाळाच्या हाडामागे, दोन्ही डोळ्यांच्या वर मधोमध, एक पांढरा गोळा होता. मोठ्या लिंबाएवढा. एवढी मोठी वस्तू माणसाच्या डोक्यात असू शकते आणि तो पेपर वाचत बसू शकतो, हे मला पटेना. ही गाठ मेंदूच्या आवरणाची आहे, बहुतेक साधी आहे, असं डॉक्टर म्हणाले. वासाची नस ती आधी दाबते, मग समोरचा मेंदू. तो मेंदू माणसाला आवरतो, थांबवतो. त्यामुळे माहीत असूनही थांबता येत नाही.

"किती दिवसांपासून असेल?" मुलीने विचारलं.

"दिवस नाही. या गाठी फार सावकाश वाढतात. दहा वर्षांपासूनसुद्धा असेल."

मुलीने गाठ काढता येईल का ते विचारलं, धोका विचारला, आणि ती लिहून घेत राहिली. मी त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत होते. दहा वर्षं. म्हणजे कारखाना सुटला तेव्हा ती होती. भाजीवाल्याशी घासाघीस न करणाऱ्या माणसाने एक दिवस उठून पोकरचं अ‍ॅप घेतलं, तेव्हाही ती होती. तेव्हा ते कुणी घेतलं?

हे फिल्मकडे वाकून बघत होते. "कड गुळगुळीत आहे," ते म्हणाले. नोकरीतल्या आवाजात.

ऑपरेशन नाशिकमध्येच झालं, सकाळी आत नेलं ते अंधार पडल्यावर बाहेर आणलं. गाठ साधी निघाली. जवळजवळ सगळी काढली. एक छोटासा तुकडा रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो सोडून द्यावा लागला, नाहीतर नजर गेली असती. दरवर्षी तपासत राहायचं. वास मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो आला नाही.

माणूस मात्र परत आला. एकदम नाही. आधी झोपच झोप, मग एकेक शब्द, मग एका सकाळी न सांगता ते अंघोळीला गेले आणि मी बाथरूमच्या बंद दाराबाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिले. महिन्या-दोन महिन्यांत ते पूर्वीसारखे हळू आवाजात बोलायला लागले. येवल्याला जाऊन त्यांनी वहिनींची माफी मागितली. जाऊबाई रडल्या, म्हणाल्या, "तो आजार बोलत होता, भाऊजी, तुम्ही नव्हता."

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते, त्यांना अजून परवानगी नव्हती. मी विचारलं, "तुम्हाला आठवतं का हो, तेव्हाचं?"

"सगळं आठवतं."

"मला वाटलं आठवत नसेल."

"साडी हातात घेतलेली आठवते. त्या कोंबडेवाल्याला लिहिलेलं आठवतं. छक्क्यांवर बोलवलेलं." मग म्हणाले, "तेव्हा ते बरोबरच वाटत होतं गं. आत काही वेगळं वाटलं नाही. आत्ता जसं वाटतंय ना, अगदी तसंच."

मी समोर रस्त्यावर नजर ठेवली.

"म्हणून तू बघत जा," ते म्हणाले. "मला आतून कळणार नाही."

तेव्हापासून मी बघते. दुसरं काही करतेय असं दाखवून बघते. जेवताना किती वाढून घेतात, फोनवर कुणाशी काय बोलतात, भाजीवाल्याला किती पैसे देतात. तीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले त्याची मी आता तपासनीस आहे, आणि त्यांनीच ते काम मला दिलंय.

दरम्यान सरकारने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. ज्या टेबलांवर आमच्या दुपारी गेल्या ती टेबलं गेली. कोंबडेवाला कोण होता, कुठला होता, त्याचं काय झालं, ते कधीच कळणार नाही. हे एकदा म्हणाले, "त्यालाही कुणी बघणारं असतं तर बरं झालं असतं." आम्ही आता राजम्याच्या दाण्यांवर खेळतो, कधीमधी. मधली जोडी हातात आली की ते विचार करतात. कधी टाकतात, कधी बोलवतात. पूर्वी टाकायचे तिथे बोलवलं तर मी त्यांच्या हाताकडे बघते. पण माणूस एखादा डाव वेगळा खेळूच शकतो. मीही खेळते. माझ्याकडे कुणी तसं बघत नाही.

गेल्या महिन्यात ते एकटे कॉलेज रोडला गेले आणि नवीन शर्ट घेऊन आले. पोपटी. ज्या माणसाने जन्मभर पांढरा आणि बारीक रेघांचा करडा याशिवाय रंग घातला नाही, तो आरशासमोर पोपटी शर्ट घालून उभा होता.

"कसा दिसतोय?"

"छान दिसतोय," मी म्हटलं. आणि तो छान दिसतही होता.

मी बाल्कनीत जाऊन हॉस्पिटलला फोन लावला. वर्ष भरायला अजून अवकाश होता. मी तारीख अलीकडची मागितली. आत आले तेव्हा ते शर्टाची घडी घालत होते.

"लवकरची घेतलीस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"बरं केलंस."

तपासणीला तोच शर्ट घालून आले. मशीनमधून बाहेर आल्यावर आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो, मुलगी पुण्याहून फोनवर. मग डॉक्टरांनी आत बोलावलं, दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या, जुनी आणि नवी, आणि एकीवरून दुसरीवर नजर फिरवत राहिले.

"तुकडा किंचित मोठा दिसतोय," शेवटी म्हणाले. "पण मशीन वेगळं होतं, फोटोचा काप थोडा वेगळ्या ठिकाणी पडला असेल. मोजण्यातलाही फरक असू शकतो. आपण सहा महिन्यांनी परत बघू."

हे खुर्चीत पुढे सरकले, चष्मा नीट केला.

"मोजण्यातला फरक म्हणजे किती धरायचा?" त्यांनी विचारलं. "आणि वाढ त्याच्या आत आहे की बाहेर?"

डॉक्टरांनी परत फिल्मकडे बघितलं. "कडेवर आहे," ते म्हणाले.

ह्यांनी मान डोलावली. डॉक्टरांचे आभार मानले, फिल्म पिशवीत घातली आणि माझ्यासाठी दार धरून उभे राहिले. बाहेर पार्किंगमध्ये ऊन होतं. गाडीजवळ आल्यावर त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. गाडी चालवायची परवानगी त्यांना केव्हाच मिळाली आहे, येतानाही तेच चालवत होते.

मी त्या हाताकडे बघितलं. मग किल्ली दिली, शेजारी बसले, आणि घर येईपर्यंत रस्त्यापेक्षा त्यांच्याकडेच बघत राहिले.